काकूंचं ताट

चंदीगडमध्ये माझ्याशी समोरासमोर मराठीत बोललेलं पहिलं माणूस म्हणजे काकू. सेक्टर बावीसच्या बाजारात मी भाजी घेत होते आणि खांद्यावर फोन दाबून आईला सांगत होते की इथे मेथी छान मिळते, पण अंबाडी कुणाला माहीतच नाही. शेजारी वाटाण्याच्या शेंगा निवडत असलेली एक बाई वळली. पासष्टीच्या आसपासची, साडीवर जाड स्वेटर, कानाला मफलर.

"कुठली गं तू?"

"हिंगोली."

"आम्ही वर्ध्याचे. आईला सांग, सापडलं एक माणूस म्हणून."

माझ्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतात, आई डाळ मिलमध्ये जाते. एम.एस्सी.ला माझा नंबर इतक्या लांब लागला तेव्हा आम्ही तिघांनी मोबाइलवर नकाशा उघडला आणि चंदीगड येईपर्यंत तो बोटानं सरकवत राहिलो. इथे वर्गात मला कोणी वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. मी मनात वाक्य जुळवून तोंड उघडेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असे, एवढंच. संध्याकाळी दुकानावरच्या माझ्या खोलीत आले की कधीकधी लक्षात यायचं, आज आपण बस कंडक्टर सोडून कोणाशी बोललोच नाही.

त्यामुळे काकूंनी रविवारी जेवायला बोलावलं तेव्हा मी नको म्हणायचं नाटकसुद्धा केलं नाही.

शहराच्या दक्षिणेकडच्या एका सेक्टरमध्ये हाउसिंग बोर्डाच्या फ्लॅटमध्ये ते दोघं राहत. काका केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होते. बदली होऊन इथे आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. "रस्ते सरळ आहेत म्हणून राहिलो," ते म्हणाले. "वर्ध्याला गेलो असतो तर नातेवाइकांच्या वाकड्या बोळांतून फिरावं लागलं असतं." मुलगा इथेच वाढला आणि आता बंगळूरला असतो. त्याला मराठी सगळं कळतं, पण त्याचं उत्तर हिंदीतच येतं.

त्या दिवशी काका आणि मी टेबलावर बसलो आणि काकू वाढत राहिल्या. गोळाभात होता. भातावर डाळीचे गोळे कुस्करून त्यावर गरम फोडणीचं तेल, सोबत पातळ कढी. काका जेवून उठले, बेसिनचा नळ वाजला, आणि तेव्हा कुठे काकूंनी स्वतःचं ताट घेतलं. मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. आमच्याकडेही आई असंच करते. बाबांचं झालं, माझं झालं, मग ती भाकरीचं टोपलं पुढे ओढते. काकूंचा नियम जरा जास्त कडक होता, एवढंच मला नंतर कळलं. काका दौऱ्यावरून उशिरा आले तरी त्या थांबत. एकदा म्हणे गाडी इतकी लेट झाली की दोघांनी रात्रीचं जेवण सकाळी केलं.

"मी म्हणायचो, जेवून घेत जा," काका म्हणाले.

"हो, म्हणायचे," काकू म्हणाल्या. "आणि आल्याबरोबर आधी पातेल्यात डोकावायचे, माझ्यासाठी उरलंय का बघायला."

वर्षभर माझे रविवार तिथे गेले. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर काकांचं पोट दुखायला लागलं आणि तपासण्या होईपर्यंत जठरातला कॅन्सर यकृतापर्यंत गेला होता. मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी काकांना स्वतःलाच सांगितलं, कारण काकांनी विचारलं. आता आजारावर औषध नाही, पण दुखण्यावर आहे, आणि घरी येऊन बघणारे लोक आहेत. काकांनी घरी आल्या आल्या पलंग बाल्कनीच्या दाराशी सरकवून घेतला. थंडीच्या दिवसांत दुपारी तिथे ऊन यायचं.

घरी येणाऱ्या त्या लोकांमध्ये एक डॉक्टर होत्या आणि एक सिस्टर. एका धर्मादाय संस्थेची व्हॅन यायची. डॉक्टर कधीकधी यायच्या, सिस्टर मात्र नेहमी. पंजाबी, मोठ्या आवाजाच्या, आल्या आल्या काकांच्या पलंगाच्या कडेला अशा बसायच्या की जणू पत्ते खेळायला आल्या आहेत. "क्यों अंकल जी, दर्द को कितने नंबर देते हो आज?" काका नोकरीभर लोकांची बिलं तपासत आलेले, ते अर्धा नंबरसुद्धा उगीच देत नसत. गोळ्या वेळेवर मिळायला लागल्यावर दुखणं खरोखर कमी झालं. मला वाटलं होतं की अशा घरात फक्त रडणं असेल. तिथे बऱ्याचदा रेडिओ चालू असे.

प्रश्न सुटेना तो जेवणाचा.

काकांना भूकच नव्हती. दोन घास घेतले की पोट भरायचं, तिसऱ्याला मळमळायचं. काकू सकाळपासून स्वयंपाकघरात. मऊ भात, मुगाचं वरण, लापशी, सूप, शिरा. वाटी घेऊन पलंगापाशी बसायच्या.

"एवढा एक."

काका तोंड उघडायचे.

"हा शेवटचा."

"मघाशी पण शेवटचाच होता."

"तो वरणाचा होता. हा भाताचा."

पहिल्यांदा हे ऐकून मी हसले होते. मग रोजच ऐकलं तेव्हा लक्षात आलं की त्या दोघांत आता दुसरं बोलणंच उरलेलं नाही. एवढा एक, नको, थोडंसं, बरं. संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा आणि त्याचा पहिला प्रश्न असायचा, "मम्मी, पापा ने खाया?" काकू वाटी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायच्या. मुलगा म्हणायचा, "गुड." काका छताकडे बघत असायचे.

सेमिस्टरची परीक्षा झाली होती, प्रॅक्टिकल संपलं होतं. मी दुपारी जाऊन बसायला लागले, म्हणजे काकूंना औषध आणायला किंवा सेक्टर सतराला बँकेत जाता यावं. त्यांनी मला विचारलं नव्हतं, मीच म्हटलं होतं. खरं सांगायचं तर मला जायला एक घर हवं होतं. आजारी माणसाच्या घरी आपण आपल्या गरजेसाठी जातो याची मला लाज वाटायची आणि तरी मी जायचे.

अशाच एका दुपारी काकू काकांना अर्धी वाटी भात भरवून बाहेर पडल्या. दार लागल्याचा आवाज आला आणि काकांनी मला हातानं खूण केली, तसराळं. मी ते धरेपर्यंत सगळं बाहेर आलं. भाताची शितं जशीच्या तशी. मग खोकला लागला, इतका की चेहरा काळपट झाला. मी त्यांना कुशीवर वळवलं, सिस्टरनी शिकवलं होतं तसं. सगळं शांत झाल्यावर मी चादर बदलली. मग उगीच उशीचा अभ्रा नीट करत राहिले.

"तिला सांगू नको," काका म्हणाले.

"काका, तुम्हाला जात नाही तर कशाला खाता? सिस्टरनी सांगितलंय ना, जबरदस्ती नको."

त्यांनी मान स्वयंपाकघराकडे वळवली.

"स्वयंपाकघरात बघून ये," ते म्हणाले. "तिचं ताट ओट्यावर आहे की धुतलेल्यात?"

मी बघून आले. धुतलेलं होतं, अजून ओलं.

"म्हणजे जेवली," ते म्हणाले. "परवा मी नाहीच म्हटलं. तर दिवसभर चहावर होती. रात्री इथे भिंतीला धरून उभी राहिली. मी म्हटलं, जेव. म्हणे, तुम्ही जेवा, मी जेवते. लग्न झाल्यापासून तेच वाक्य." त्यांनी ओठ पुसले. "माझ्या दोन घासांत तिचं जेवण होतं. स्वस्तात पडतं."

ते थट्टेत बोलत होते. मला मात्र तिथे बसवेना. काकू त्यांनी जगावं म्हणून भरवत होत्या आणि ते काकूंनी जेवावं म्हणून गिळत होते. दोघांनाही त्या वाटीचा त्रास होत होता आणि दोघंही ती एकमेकांसाठी धरून होते.

पुढच्या खेपेला सिस्टर आल्या तेव्हा मी त्यांना जिन्यात गाठून खोकल्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. वर येऊन त्यांनी काकूंचा हात हातात घेतला. माणूस खात नाही म्हणून जातो असं नाही, त्या हळू हिंदीत म्हणाल्या, जायची वेळ जवळ येते म्हणून शरीर खाणं सोडतं. आता भरवलेला घास छातीत जाऊ शकतो, त्यानं जीव घुसमटेल. तोंड ओलं ठेवा, ओठांना तूप लावा, मागतील तेवढंच द्या.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. सिस्टरना चहा दिला. व्हॅन गेल्यावर मला म्हणाल्या, "चांगली आहे पोरगी. पण मी काय माझ्या माणसाला उपाशी ठेवू? मुलानं विचारलं तर काय दाखवू, तूप?"

आणि वाटी घेऊन आत गेल्या.

त्या रात्री खोलीवर येऊन मी आईला फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "आई, तू बाबांच्या आधी कधी जेवलीस का?"

"आज हे काय विचारायलीस?"

"सांग ना."

"एकदा. तुझ्या वेळेला पोट वर आलं होतं, उभं राहवत नव्हतं. तुझ्या आजीनं जबरदस्तीनं बसवलं. घास उतरत नव्हता बघ. चोरी केल्यासारखं वाटलं."

म्हणजे सांगून ऐकण्यातली गोष्ट नव्हती ती. मला काकूंचा राग येत होता तो तिथे गेला. पण काकांच्या छातीत घास अडकेल ही भीती गेली नाही. कोणीतरी काकूंना सांगायला हवं होतं की ते कशासाठी गिळतात. काका सांगणार नव्हते. मुलगा लांब. सिस्टरना हे माहीतच नव्हतं. उरले मी, जिला वर्गात हजेरीसुद्धा मोठ्यानं देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन दोन ताटं मांडली. काकू काकांसाठी भात कालवत होत्या.

"काकू, आज तुम्ही माझ्यासोबत जेवा. आधी. त्यांच्या खोलीत बसून."

"त्यांच्या आधी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझी आई जेवते?"

"नाही."

"मग?"

मी सगळं पाठ करून आले होते. त्यातलं काहीच आठवलं नाही. "काका तुमच्यासाठी गिळतात," मी म्हटलं. "तुम्ही उपाशी राहाल म्हणून. तुम्ही बाहेर गेलात की उलटी होते. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

काकूंचा हात भातात तसाच राहिला. मग त्यांनी हात धुतला, आणि ओट्यावरची घासून ठेवलेली भांडी एकेक घेऊन पुन्हा घासायला लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तू जा आता. अभ्यास असेल तुला."

मी गेले. बसमध्ये खिडकीला धुकं चिकटलं होतं आणि बाहेर कोणता सेक्टर चाललाय ते कळत नव्हतं, तसेही मला ते सगळे एकसारखेच दिसतात. या शहरात एकच घर होतं आणि ते मी माझ्या तोंडानं घालवलं, असं वाटत होतं. पुढचे काही दिवस मी तिकडे फिरकले नाही. लायब्ररीत बसायचे. डबा उघडायचे, बंद करायचे. फोन करावासा वाटायचा आणि काय म्हणायचं ते सुचायचं नाही. रविवार आला. खालच्या दुकानदारानं विचारलं, "आज नहीं गई आंटी के घर?" मी म्हटलं, "पढ़ाई है जी."

फोन काकूंचाच आला.

"गोळाभात केलाय. येतेस का कशी?"

मी पोचले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आत कढीचा वास. काकांच्या पलंगाशेजारी एक स्टूल, त्यावर ताट, आणि काकू खुर्चीत बसलेल्या. काका आणखी बारीक झाले होते, उशीत डोकं खोल गेलेलं. त्या ताटात एकाच माणसाचं जेवण होतं.

"ये, तुझं वाढून घे," काकू म्हणाल्या. "मी थांबले नाही तुझ्यासाठी." पण घास काही उचलला नव्हता. बोटं भातात होती.

"सुरू कर," काका म्हणाले. आवाज अगदी बारीक.

काकूंनी घास घेतला. मान खाली घालून खूप वेळ चावला. गिळताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते डाव्या हातानं पुसलं, कारण उजवा खरकटा होता.

"मीठ?" काकांनी विचारलं.

"बरोबर आहे."

"तेल कमी घेतलंस."

"तुमच्यासारखं तळं नाही करत मी."

"हिंग जळला का गं? वास येतोय."

"किंचित. ती पंजाबी शेजारीण बेल वाजवून गेली मधेच. तिला तिच्या घरची कढी द्यायची होती, भजी घातलेली."

"ती कढी नाही, ते पिठलं."

"हळू बोला. वाटी परत द्यायला जायचंय मला."

काका हसले. मी दारातच उभी होते. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत वेगळं काही बोललं जात होतं. मी वाढून घेतलं आणि खाली चटईवर बसले. काका आम्हा दोघींकडे बघत होते. माझा गोळा नीट कुस्करला नाही हेसुद्धा त्यांना पलंगावरून दिसलं.

काकूंचं ताट संपत आलं तेव्हा ते म्हणाले, "कढी दे जरा. थेंबभर."

काकू चटकन उठल्या आणि वाटी भरायला निघाल्या. मग दारात थांबल्या. परत आल्या, आपल्याच वाटीत सिस्टरनी दिलेला कापसाचा बोळा बुडवला, पिळला आणि त्यांच्या जिभेवरून फिरवला. काकांनी डोळे मिटले, ओठ दोनदा हलवले.

"पुरे," ते म्हणाले.

काकूंनी दुसऱ्यांदा बोळा बुडवला नाही. मी बघत होते. हात वाटीपर्यंत गेला होता, मागे आला.

संध्याकाळी मुलाचा कॉल आला. "मम्मी, पापा ने खाया?" काकूंनी फोन काकांच्या चेहऱ्यासमोर धरला आणि मराठीत म्हणाल्या, "नाही. मी जेवले. तू तिकीट काढ आणि ये." मग त्यानं कधी नव्हे ते मराठीत उत्तर दिलं. "येतो."

काका त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत, पण जितके राहिले त्यात रोज दुपारी ते स्टूल पलंगापाशी यायचं. काय शिजवायचं ते काका सांगायचे आणि काकू खायच्या. बोलणं थांबलं तेव्हाही काकू तिथेच जेवल्या, प्रत्येक पदार्थाचं नाव सांगत. सिस्टर एकदा नेमक्या त्याच वेळी आल्या, दारात थांबल्या, आणि बॅग न उघडता माझ्याशेजारी चटईवर बसून राहिल्या. ते गेले तेव्हा सकाळचं ऊन अजून बाल्कनीत आलं नव्हतं. मुलगा जवळ होता.

घरात चूल पेटली नाही. शेजारच्या पंजाबी बायकांनी डबे आणले, भजीची कढीसुद्धा होती. "थोड़ा खा लो आंटी जी," त्या म्हणत राहिल्या. काकू कोपऱ्यात बसल्या होत्या, पलंग होता तिथल्या रिकाम्या जागेकडे तोंड करून. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "आता झालं सोपं. आता त्यांच्या नंतरच जेवायचं आहे." आणि ताट पुढे ओढलं.

महिन्याभरात मुलगा त्यांना बंगळूरला घेऊन गेला. फ्लॅट बंद आहे. कधीकधी बस त्या चौकातून जाते तेव्हा मी बाल्कनीकडे बघते. झाडांची पानगळ सुरू आहे, इथे ती मार्चमध्ये होते, आणि बाल्कनीत पानं साचली आहेत. काकूंचा फोन येतो. तिकडे नातवंडं कढीला सूप म्हणतात, असं सांगतात.

काल रात्री मी डबा उघडला आणि आईला फोन लावला.

"जेवलीस?" मी विचारलं.

"तुझे बाबा यायचेत अजून."

"आज माझ्यासोबत जेव. तू तिकडे, मी इकडे."

"येतीलच आता ते. तू जेव, मी ऐकते."

मला काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं. काकूंना म्हणू शकले ते आईला म्हणता आलं नाही. मी फोन डब्याला टेकवून ठेवला आणि पहिला घास घेतला. पलीकडे आमच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

"काय आहे आज?" आईनं विचारलं.

"राजमा. भात."

"मीठ बरोबर आहे का?"

"हो," मी म्हटलं. "बरोबर आहे."